उघडलेले पेव

"माल कुठे आहे?" वझ्यांनी विचारले.

"तुम्ही त्याच्यावरच उभे आहात की," दाजी म्हणाले.

वझे चटकन एक पाऊल बाजूला झाले आणि खाली पाहू लागले. खाली पाहण्यासारखे काही नव्हते. पत्र्याच्या छपरीखाली शेणामातीने लिंपलेले परातीएवढे एक वर्तुळ होते, त्यावर वाळताना पडलेल्या बारीक भेगा होत्या, आणि भोवती हरिपूरची ती घट्ट, चिवट जमीन होती. श्रावण सरत आला होता. बँकेच्या मुख्य कचेरीतून नव्याने आलेल्या या तपासनिसांनी छत्री मिटली, तिच्या टोकाने वर्तुळावर हलकेच टकटक केली, आणि त्या आवाजावरून आतला काही अंदाज बांधता येईना म्हणून पुन्हा दाजींच्या तोंडाकडे पाहिले.

ही गोष्ट जुनी आहे. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, गुरुपाद हुक्केरी. सांगलीत त्यांचा हळदीचा व्यापार होता. मी नुकतीच वकिलीची सनद घेतली होती, अशील म्हणावे असे कोणी नव्हते, आणि दोन्ही वेळ अक्काकडे जेवत होतो. कुठे वादाचा प्रसंग दिसला की दाजी मला बरोबर नेत. माझा त्यांना उपयोग होईल म्हणून नव्हे. मला वादाची सवय व्हावी म्हणून.

हळदीच्या धंद्याशी ज्यांचा संबंध आला नाही त्यांना पेव म्हणजे काय हे सांगितले पाहिजे. जमिनीत दोन-तीन पुरुष खोल खणलेला हा खड्डा. तोंड अरुंद आणि पोट मोठे, सुरईसारखा. आतून पाला आणि चटया लावायच्या, हळद ओतायची, तोंड बंद करून लिंपायचे आणि विसरून जायचे. आत हवा नाही म्हणून कीडही नाही. वर्षाने काढली तरी हळद कालच्यासारखी निघते. मात्र पेव एकदा उघडले की उघडले. आतला कोंदट वायू माणसाला गुदमरवतो, म्हणून आधी बराच वेळ तोंड मोकळे ठेवायचे, कंदील सोडून पाहायचे, तो जळत राहिला तरच माणसाने उतरायचे. तोवर बाहेरची हवा आत शिरलेली असते. पुन्हा बंद करून भागत नाही. सगळा माल उपसावा लागतो आणि उपसला की विकावा लागतो. म्हणून भाव चढेपर्यंत पेवाला कोणी हात लावत नाही, आणि पावसाळी दमट हवेत तर धंदा सोडायचा असेल त्यानेच लावावा.

दाजींची त्या वर्षीची जवळजवळ सगळी पुंजी त्या पेवात होती आणि तिच्यावर बँकेचे कर्ज होते. पेठेतल्या एका सहकारी बँकेत त्यांचे कॅश क्रेडिटचे खाते होते. शिल्लक नसतानाही एका मर्यादेपर्यंत पैसे उचलता येत, आणि ती मर्यादा हाताशी असलेल्या मालावर ठरे. व्यापाऱ्याने दरमहा मालाचे पत्रक द्यायचे, आणि बँकेच्या माणसाने अधूनमधून येऊन खात्री करून जायचे. आजवरचे तपासनीस येत, लिंपण शाबूत आहे एवढे बघत, शेजारच्या पेववाल्याला दोन प्रश्न विचारत आणि सही करत.

"मी पाहिला तर मोजीन, आणि मोजला तर लिहीन," वझे म्हणाले. "न पाहिलेला माल मला लिहिता येत नाही."

दाजींनी त्यांना सगळे नीट समजावून सांगितले. बारीकसे भोक पाडून नमुना काढता येईल का, असे वझ्यांनी विचारले, तेव्हा हवेला तेवढे भोकही पुष्कळ होते असे उत्तर मिळाले. वझे उर्मट नव्हते, हे मी आजही मान्य करतो. मागच्या गावी एका गोदामात त्यांनी विश्वासाने पोती मोजली होती. पुढच्या रांगांत शेंगदाणे निघाले आणि मागे सगळा भुसा. तो ठपका अजून त्यांच्या नावावर होता.

"मग माझ्याकडंबी भुसा आहे म्हणता?" दाजींनी हसत विचारले.

"मी काहीच म्हणत नाही. मला दिसलं नाही, एवढंच."

पंधरवड्यात बँकेचे पत्र आले. 'पेवात दर्शविलेला माल तपासणीत आढळला नाही' असे त्यात लिहिले होते. सबब खात्याची मर्यादा त्या मालाच्या किमतीइतकी खाली आणली होती. त्यामुळे खाते मर्यादेबाहेर गेले होते. आणि गेले असल्यामुळे त्या तारखेपासून वरच्या रकमेवर दंडव्याज, व त्या काळात खात्यावर येणाऱ्या प्रत्येक चेकमागे वेगळा आकार लागू झाला होता. तिमाही संपेपर्यंत खाते मर्यादेत आले नाही, तर पुढचे चेक परत जाणार होते. ज्या दिवशी हे सारे घडले त्या दिवशी दाजींनी खात्यातून एक रुपयाही काढला नव्हता.

चेक परत जाणे ही साधी गोष्ट नव्हती. ज्यांच्याकडून घेतलेली हळद पेवात होती त्या शेतकऱ्यांना दाजींनी दसऱ्याच्या तारखांचे चेक देऊन ठेवले होते. पेठेत ज्याचा चेक एकदा परत आला त्याच्या वखारीत दुसऱ्या वर्षी शेतकरी गाडी सोडत नाही.

मी ते पत्र घेऊन मॅनेजर घाटग्यांकडे गेलो. घाटगे निवृत्तीला आलेले गृहस्थ होते आणि दाजींना पुष्कळ वर्षे ओळखत होते. मी माझा मुद्दा मांडला. आजही मी तो त्याच शब्दांत मांडीन.

"घाटगेसाहेब, माणूस रेषेच्या अलीकडे उभा आहे. तो जागचा हललेला नाही. तुम्ही रेषा उचलून त्याच्या पाठीमागे नेऊन ठेवली, आणि आता रेषा ओलांडली म्हणून त्याला दंड करता. शिवाय तो दंड त्याच खात्यात नावे टाकता. म्हणजे तुमच्याच दंडाने तो आणखी पुढे जातो, आणि पुढच्या महिन्यात त्या पुढे जाण्याचाही दंड भरतो. यात त्याने केले काय?"

घाटग्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बरोबर आहे तुमचं."

ते इतक्या सहज कबूल करतील असे मला वाटले नव्हते. पुढच्या युक्तिवादाची सारी सिद्धता व्यर्थ गेली.

"मग दंड मागे घ्या."

"बरोबर आहे म्हणून मागे घेता येत नाही, वकीलसाहेब. दंड वरून लागून येतो. मी फक्त पत्रावर सही करतो."

"अन्यायाच्या पत्रावरही?"

"सगळ्याच पत्रांवर करतो," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात थट्टा नव्हती.

घरी तीन मते झाली. माझे मत कोर्टात जावे असे होते. मी रात्रंदिवस खपून एका नोटिशीचा मसुदा तयार केला, त्यात नैसर्गिक न्यायाची तत्त्वे क्रमाने गुंफली, आणि तो दाजींना वाचून दाखवला. दाजींनी शेवटपर्यंत ऐकला.

"वकील," ते म्हणाले, "तुझ्या एकेका वाक्यात उतरायचं म्हणजे आधी कंदील सोडून बघावं लागतंय."

अक्काने हातातल्या पाटल्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी त्या उचलून तिच्या हातात परत घातल्या, आणि घालताना तिच्या मनगटाची चेष्टाही केली. दाजींचे स्वतःचे मत अगदी साधे होते. दंड पडतो आहे तो पडू द्यावा, पेवाला हात लावू नये. दसऱ्याच्या सुमारास भाव चढणार हे पेठेतले पोरही सांगत होते. तेव्हा पेव उघडू, तिमाहीच्या आत पैसे भरू, दंड त्या भावात निघून जाईल. व्यापारी माणसाचा हा हिशेब होता आणि तो चोख होता. तत्त्व म्हणून मला तो पटत नव्हता, तरी व्यवहार म्हणून त्यात मला एकही भोक सापडले नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी बाळगोंडा पाटील घरी आले. बाळगोंडाण्णा दाजींचे शाळेपासूनचे सोबती होते आणि बँकेच्या त्या कर्जाला जामीनही तेच होते. त्यांनी माझ्या वकिलीची चौकशी केली, आपल्या म्हशीच्या दुखण्याची हकीकत सांगितली आणि जायला उठले. दाजी त्यांना पोहोचवायला दारापर्यंत गेले. मी आतल्या खोलीत मसुद्याला शेवटचा हात देत होतो. दारात दोघे काय बोलले ते मला ऐकू आले नाही. दाजींना मात्र आत यायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सांगितले, "पेव उघडायचं."

मी थक्क झालो. कालपर्यंतचा हिशेब मी त्यांना एकेक कलमाने पुन्हा ऐकवला. भाव पडेल असे वाटते, एवढेच ते म्हणाले. भाव का पडेल, या माझ्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही. मी चिडलो, तेव्हाही दिले नाही. घाटग्यांना निरोप पाठवून वझ्यांना बोलावून घेण्याचे काम मात्र त्यांनी माझ्यावर सोपवले.

भाद्रपदातली ती सकाळ घामट आणि वाऱ्याविना होती. माणसांनी लिंपण फोडले, तोंडावरची माती आणि पाला काढला, आणि मग सगळे दूर जाऊन बसले. दुपार व्हायच्या सुमारास कंदील सोडला. त्याची ज्योत तळाशीही सरळ राहिली. पहिला माणूस दोराने उतरला, आणि थोड्या वेळाने पहिली पाटी वर आली.

तशी हळद मी पुन्हा पाहिली नाही. दाजींनी एक हळकुंड उचलून दगडावर टाकले, तर धातूचा तुकडा पडावा तसा टणत्कार झाला. मोडून दाखवले, तर आतला रंग पिकल्या संत्र्याच्या सालीसारखा निघाला. पाट्यांमागून पाट्या येत गेल्या आणि ताडपत्रीवर ढीग वाढत गेला. शेजारचे पेववाले येऊन बघून गेले. एवढा माल या दिवसांत का काढला, असे त्यांच्यापैकी एकाने मला बाजूला घेऊन विचारले. मी बँकेचे नाव घेतले, तेव्हा त्याने पुढे काही विचारले नाही. दाजींचे लक्ष ढिगाकडे नव्हते. ते वारंवार रस्त्याकडे पाहत होते. बाळगोंडाण्णांना बोलावून आणायला त्यांनी सकाळी एक माणूस धाडला होता. ते मिरजेला गेल्याचे कळले. दुपारी पुन्हा धाडला. आल्यावर पाठवतो, असे घरच्यांनी सांगितले. ते काही आले नाहीत.

वझे आले. त्यांनी ढिगाभोवती फेरी मारली, ठिकठिकाणी हात घालून हळद पाहिली, आणि उतरणाऱ्या माणसाला अजून आत किती आहे हे विचारले.

"माल उत्तम आहे," ते म्हणाले. "पत्रकात लिहिलेत त्याहून कमी नाही."

"मग लिहा की तसं," दाजी म्हणाले.

"लिहितो. आजच्या तारखेचं लिहितो."

"आणि त्या दिवशीचं?"

"त्या दिवशी मी पाहिला नव्हता, हुक्केरीसाहेब. ते आता कसं बदलणार?"

मी मध्ये पडलो. जे आज पेवातून निघाले ते श्रावणातही पेवातच होते, हळद काही मधल्या दिवसांत जमिनीत उगवलेली नाही, असे मी म्हणालो. वझ्यांनी ते मान्य केले. अहवालात मात्र तपासनिसाने जे डोळ्यांनी पाहिले तेच येते, अनुमान येत नाही, असे त्यांनी मला माझ्याइतक्याच शांतपणे सुनावले. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना ते खरोखरच ओशाळले होते. ताडपत्रीवर उघड्यावर पडलेला माल मर्यादेसाठी धरता येत नाही. तो विमा उतरवलेल्या गोदामात गेला पाहिजे.

त्या दिवसांत सांगलीत गोदामाची एक खोली रिकामी नव्हती.

हळद बाजारात न्यावी लागली. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत. व्यापारी आणि आडत्या हातावर रुमाल टाकून त्याखाली बोटे दाबतात आणि त्यावर सौदा ठरतो. भाद्रपदात पेव फोडणाऱ्याला गरज असते, हे त्या रुमालाखालच्या प्रत्येक हाताला ठाऊक होते. दाजींनी जो मिळाला त्या भावाने माल दिला. घटस्थापनेच्या सुमारास भाव चढले, पेठेने भाकीत केले होते त्याहूनही वर गेले.

ती बातमी आली त्या दिवशी जेवताना माझा तोल सुटला. सरळ चालणारा हिशेब हाताने मोडायचा, आणि का मोडला तेही सांगायचे नाही, हा कसला व्यापार, असे मी दाजींना तोंडावर म्हणालो. त्यांनी ताटातले संपवले, हात धुतले आणि ते दुकानात निघून गेले. अक्का भाकरी थापायची थांबली.

"भावाचं काय घेऊन बसलास?" ती म्हणाली. "बँकेच्या पत्राची प्रत जामीनदारालाही जाते. बाळगोंडाण्णांना गेली होती. त्या दिवशी दारात ते एवढंच म्हणाले, 'गुरुपादा, पेव भरलंयस न्हवं?' बाकी काही नाही. दंड सोसत होते रे तुझे दाजी. तेवढं त्यांना सोसलं नाही."

मी ताट बाजूला सारले.

"बाळगोंडाण्णांना येऊन बघून जायला काय झालं होतं?" मी विचारले.

"विचारून बसले ना," अक्का म्हणाली. "आता कुठल्या तोंडानं येतील?"

विक्रीचा पैसा खात्यात भरला गेला. गोदामात त्यांची आधीपासूनची थोडी पोती होती, त्यांच्यावरची मर्यादा शेतकऱ्यांच्या चेकांना कशीबशी पुरत होती; पण मध्ये साठलेला दंड आडवा येत होता. तेवढ्या रकमेने खाते अजून बाहेर होते, आणि तिमाहीअखेर ते आत आले नाही तर एकही चेक वटणार नव्हता. दसरा तोंडावर आला. घाटग्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतले.

त्यांनी आपल्या परीने खटपट केली होती, हे खरे आहे. ते स्वतः मुख्य कचेरीत जाऊन आले होते. दंड पूर्ण माफ होऊ शकेल असे त्यांनी सांगितले आणि टंकलिखित केलेला एक अर्ज दाजींपुढे ठेवला. मी तो आधी उचलला. 'माझ्या पत्रकात दर्शविलेला माल तपासणीच्या दिवशी पेवात नव्हता. ही माझी चूक असून ती मला मान्य आहे. तरी दंड माफ व्हावा, ही नम्र विनंती.' एवढाच मजकूर होता.

"हे खोटं आहे," मी म्हणालो. "माल होता. तुमच्या माणसाने तो हातात घेऊन पाहिला."

"होता. मलाही ठाऊक आहे."

"मग?"

"दंड चुकीनं लागला असं संचालक मंडळ कधी म्हणणार नाही," घाटगे म्हणाले. "खातेदार चुकला आणि त्यानं माफी मागितली, तर मंडळ मोठ्या मनाचं आहे. चूकच नसेल तर माफ कशाचं करायचं, असं मला तिथं विचारलं, वकीलसाहेब. मला उत्तर देता आलं नाही. तुम्हांला येत असेल तर सांगा."

मला उत्तर येत होते. ते पुष्कळ लांब होते आणि पुराव्याला धरून होते. मी ते द्यायला सुरुवात केली, आणि दाजींनी तोवर माझ्याकडून घेतलेला कागद परत काढून घेण्यासाठी हात पुढे केला.

"दाजी, यावर सही करू नका. आपण स्थगिती मागू."

"दसऱ्याच्या आत मिळती?"

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

"मग शेतकऱ्यांना काय सांगू?" त्यांनी विचारले. हे त्यांनी मला रागाने विचारले नव्हते. मला उत्तर ठाऊक असेल तर ते त्यांना हवे होते.

त्यांनी मजकूर स्वतः एकदा वाचला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग घाटग्यांनी पुढे केलेल्या पेनाने सावकाश, पूर्ण नावाने सही केली. घाटगे उठून उभे राहिले आणि त्यांनी दाजींचा हात हातात घेतला. मंडळाची बैठक परवाच आहे, काम झाले असे समजा, असे त्यांनी आश्वासन दिले, आणि ते पुढे खरेही ठरले.

बाहेर कारकुनाने कागदांखालचे कार्बन काढले. एक प्रत त्याने बँकेच्या फायलीत लावली, दुसरी घडी करून दाजींच्या हातात दिली, आणि तिसरी एका पाकिटात घालून तो पत्ता लिहू लागला.

"ही कुणाला?" दाजींनी विचारले.

"जामीनदाराला. बी. ए. पाटील."

दाजींनी पाकिटासाठी हात पुढे केला. "द्या माझ्याकडं," ते म्हणाले. "जवळच राहतात. मीच नेऊन देतो."

"तसं चालत नाही. रजिस्टर पोस्टानं जायला हवी, पोच यायला पाहिजे." कारकुनाने पाकिटाची कड थुंकी लावून बंद केली. "टपालखर्च तुमच्या खात्यात नावे पडेल."

"मर्यादेत बसेल न्हवं तो?"

कारकुनाने खाते काढले, बोट फिरवून पाहिले आणि मान डोलावली. "दंड निघाला की बसेल," तो म्हणाला.